गोव्यातले रूपांतरित खडक: ओळखायला सुरुवात कशी करावी

गोव्यात दगड म्हटला की डोळ्यांपुढे तांबडा चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, येतो. घराच्या भिंती चिऱ्याच्या, किल्ल्यांचे बुरूज चिऱ्याचे, कुंपणाचे गडगेही चिऱ्याचे. डोंगरमाथ्यावर चढावे तर वरचा सडा जांभ्याचाच. त्यामुळे इथे वाढलेल्या माणसालाही वाटते की गोवा म्हणजे जांभा. प्रत्यक्षात जांभा हा फक्त वरचा थर आहे. त्याच्याखाली अडीचशे कोटी वर्षांहून जुने खडक आहेत, आणि त्यातले बहुतेक रूपांतरित आहेत. म्हणजे आधी ते गाळ होते, लाव्हा होते किंवा ग्रॅनाइटसारखे खडक होते. पुढे जमिनीखाली खोल दाबले आणि तापवले गेल्यामुळे त्यांचे रूप पालटले.

देशावरून येणाऱ्यांसाठी तर ही वेगळीच दुनिया आहे. पुण्या-साताऱ्याकडे चहूकडे एकच काळा कातळ, दख्खनच्या लाव्हाचा, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. गोव्यात मात्र तासाभराच्या प्रवासात चार-पाच जातींचे खडक भेटतात. शिकायला याहून सोयीची जागा मला माहीत नाही. खाली दिलेल्या क्रमाने गेलात तर पुस्तकातल्या व्याख्या पाठ न करताही दगड ओळखता येऊ लागतील. एक पथ्य मात्र पाळा. दगडाचे नाव सगळ्यात शेवटी घ्यायचे. आधी त्याची ठेवण बघायची, मग कण, मग कठीणपणा.

पहिली पायरी: काय रूपांतरित नाही ते बाजूला काढा

सगळ्यात मोठी गफलत जांभ्याबाबत होते. तो तांबडा, कठीण आणि जळल्यासारखा दिसतो, म्हणून ‘उष्णतेने बदललेला खडक’ असे अनेकजण ठोकून देतात. जांभा उष्णतेने किंवा दाबाने बनत नाही. उष्ण, पावसाळी हवामानात लक्षावधी वर्षे पाणी मुरत राहते, मूळ खडकातली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) आणि विरघळणारे क्षार धुऊन नेते आणि मागे लोखंडाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात. तोच जांभा. छिद्रे, पोकळ्या, तांबडा-पिवळा रंग आणि आतली माती ही त्याची खूण. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ इथली प्रसिद्ध कातळशिल्पे अशाच जांभ्यावर कोरलेली आहेत. ती जरूर बघा, पण आपल्या विषयासाठी तो कातळ बाजूला ठेवा. चिरा घडणाऱ्या कामगाराला विचारलेत तर तो सांगेल की ताजा चिरा कोयत्याने तासता येतो आणि वारा लागला की घट्ट होतो. रूपांतरित खडक असा कधी वागत नाही.

दुसरा वगळायचा खडक म्हणजे सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात सह्याद्रीवर दिसणारा दख्खनचा बेसाल्ट. तो लाव्हा थंड होऊन बनला, म्हणून अग्निज. पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत ग्रॅनाइटचा आहे, तोही अग्निज. खोलवर हळूहळू थिजल्यामुळे त्याचे कण डोळ्यांना सहज दिसतात, पण ते कुठल्याही एका दिशेने रांगेत लागलेले नसतात. ही ‘रांग नसणे’ आत्ताच ध्यानात ठेवा. पुढे ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) यांच्यातला फरक याच खुणेवर ठरतो.

दुसरी पायरी: खडक पालटतो कसा, हे नीट समजून घ्या

तीन गोष्टी खडकाला बदलतात: उष्णता, दाब आणि खडकाच्या फटींतून फिरणारे गरम पाणी. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते. म्हणजे दहा-बारा किलोमीटर खोल गेलेल्या गाळाला सुमारे 300 अंशांची उष्णता आणि वरच्या खडकांचा, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे तीन हजार पट, दाब सोसावा लागतो. साधारण 150 ते 200 अंशांच्या पुढे रूपांतर सुरू होते असे मानतात. वरची हद्द वितळण्याची. पाण्याचा अंश असलेला ग्रॅनाइटसारखा खडक साडेसहाशे-सातशे अंशांच्या सुमारास वितळू लागतो. वितळून पुन्हा थिजला तर तो अग्निज झाला.

यातली कळीची गोष्ट अशी की हे सगळे खडक घन असतानाच घडते. जुनी खनिजे मोडतात, त्यांचेच अणू नव्याने जुळतात आणि त्या खोलीला टिकणारी नवी खनिजे वाढतात. मातीतले चिकण-खनिज अभ्रक होते. चुनखडीतले बारीक कण एकमेकांत वाढून मोठे स्फटिक होतात. रसायन बहुतेक तेच राहते, फक्त पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांची ये-जा होते. गरम पाण्याचा वाटा नवशिके हमखास विसरतात. त्या पाण्याविना हे बदल फार मंद झाले असते, आणि गोव्यातल्या खडकांत जागोजागी दिसणाऱ्या पांढऱ्या क्वार्ट्‌झच्या (गारेच्या) शिरा त्याच पाण्याने मागे ठेवलेल्या आहेत.

दाबाचे दोन प्रकार असतात. सगळीकडून सारखा दाब आला तर खडक फक्त घट्ट होतो. एका दिशेने जास्त दाब आला तर चपटी आणि लांबट खनिजे त्या दाबाला आडवी होऊन ओळीने लागतात. पुरीच्या पिठातले जिरे लाटण्याखाली आडवे पडते, तसेच. या ओळींनी खडकाला पापुद्रे पडतात. वर्गीकरणाचा अर्धा भाग या पापुद्र्यांवर उभा आहे.

रूपांतराचे प्रकार थोडक्यात सांगतो. पर्वत घडताना शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात होते ते प्रादेशिक रूपांतर. गोव्यातले बहुतेक काम याचेच. तप्त शिलारस शेजारच्या खडकात घुसून त्याला भाजतो ते संपर्क रूपांतर. भ्रंशाच्या, म्हणजे खडक सरकलेल्या भेगेच्या, दोन्ही बाजू घासून खडक भरडला जातो ते गतिज रूपांतर. आणि उल्का आदळल्याच्या धक्क्याने क्षणात होते ते आघात रूपांतर. याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. लोणारच्या सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीच्या विवरात बेसाल्टमधल्या फेल्स्पार या फिक्या खनिजाचे धक्क्याने काचेसारखे मॅस्केलिनाइट बनलेले सापडते.

तिसरी पायरी: पिशवीत काय घ्याल

खर्च फार नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक साधी पोलादी सुरी, गळ्यात अडकवता येईल असे छोटे चुंबक, चिनी मातीच्या (सिरॅमिक) फरशीचा एक तुकडा (त्याची मागची, चकाकी नसलेली बाजू कामाची), लिंबू किंवा व्हिनेगर, पाण्याची बाटली, जुना टूथब्रश आणि वही-पेन्सिल. पेन्सिलच घ्या, समुद्राच्या तुषारांनी पेनाची शाई पसरते. मोबाइलमधले होकायंत्र आणि उतार मोजण्याची सोय सुरुवातीला पुरते.

हातोडी घेऊ नका, असे मी आवर्जून सांगेन. किनाऱ्यावर लाटांनी आणि घाटात रस्त्याच्या कापणीने ताजे पृष्ठभाग आयते उघडे करून ठेवले आहेत, आणि खाली पडलेले तुकडे वाटेल तेवढे मिळतात. फोडलेला कातळ पुन्हा जुळत नाही. मोलेचे राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्य इथून दगड उचलून आणणेही कायद्यात बसत नाही.

निघण्यापूर्वी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर गोव्याचा भूशास्त्रीय नकाशा उघडून बघा. नकाशात चार नावे पुन्हा पुन्हा दिसतील: बार्से, सावर्डे, डिचोली आणि वाघेरी. गोव्याच्या या जुन्या खडकांना मिळून ‘गोवा समूह’ म्हणतात. ते कर्नाटकातल्या धारवाड खडकांचेच भाऊबंद आहेत. त्यातल्या चार गटांना ही गावांची आणि डोंगराची नावे दिली आहेत. सगळ्यात खालचा बार्से गट मुख्यतः पालटलेल्या लाव्हाचा आहे. त्यावरच्या सावर्डे गटात वाळू-चिखलाचा पालटलेला गाळ येतो. डिचोली गट लोहखनिजाचा, आणि वाघेरी गटात पुन्हा पालटलेला गाळ व लाव्हा. एवढा क्रम डोक्यात ठेवला तरी पुढे पाहिलेला प्रत्येक दगड कुठे बसवायचा ते कळते.

चौथी पायरी: पहिला फेरफटका दोना पावल्याला, सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी

सुरुवात डोंगरात करू नका, किनाऱ्यावर करा. आत डोंगरात सगळे जांभ्याखाली, मातीखाली आणि रानाखाली झाकलेले असते. उत्तर गोव्याच्या भूशिरांच्या पायथ्याशी मात्र लाटांनी जुना खडक धुऊन उघडा केला आहे. पणजीहून जवळचे ठिकाण म्हणजे दोना पावला. भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघून सुकती लागल्यावर उतरा, म्हणजे परत फिरायला पुरेसा वेळ राहील. पावसाळ्यात जाऊ नका. शेवाळ्यावरून पाय घसरतो आणि लाट कधी अंगावर येईल सांगता येत नाही. डिसेंबर ते मार्च हे महिने सगळ्यांत बरे.

तिथे दिसणारा करडा-हिरवट, घट्ट खडक हा मेटाग्रेवॅक. ग्रेवॅक म्हणजे चिखल मिसळलेली भरड वाळू, समुद्राच्या उतारावरून गढूळ लोंढ्यांनी खाली वाहून येऊन साचलेली. ‘मेटा’ लागला की समजायचे की ती पुढे रूपांतरित झाली. ओला दगड भिंगाखाली धरा. क्वार्ट्‌झचे काचेसारखे कण, फेल्स्पारचे मळकट पांढरे कण आणि त्यांच्यामधला बारीक हिरवट भाग दिसेल. तो हिरवा रंग क्लोराइट नावाच्या खनिजाचा. मूळ गाळात हे खनिज असे नव्हते, ते दाबाखाली वाढले. एवढे दिसले की रूपांतराची पहिली खूण तुम्ही स्वतः पाहिलीत.

आता दगड सोडून दोन पावले मागे या आणि सगळा कातळ एकत्र बघा. जाड, भरड थर आणि त्यांच्यामध्ये पातळ, बारीक कणांचे थर दिसतील. ते मूळ गाळाचे थर. बारीक थर चिखलाचे होते, आता ते घट्ट आर्जिलाइट झाले आहेत. मग त्याच बारीक थरांत नीट बघा. थरांना समांतर नसलेल्या, तिरप्या, पातळ फटी दिसतात का? त्या दाबाने पडलेल्या पापुद्र्यांच्या. गाळाचे थर एका दिशेने, पापुद्रे दुसऱ्या दिशेने. नवशिके इथे हटकून गोंधळतात, आणि मला विचाराल तर संपूर्ण विषयात यापेक्षा महत्त्वाचे निरीक्षण नाही. थर सांगतात की गाळ कसा साचला. पापुद्रे सांगतात की नंतर त्याला कुणीकडून दाबले. एकाच दगडावर दोन वेगळ्या काळांची नोंद असते. ती वेगवेगळी वाचायची सवय लागली की पुढचे सगळे सोपे होते.

मोबाइलचे होकायंत्र काढा आणि पापुद्रे कोणत्या दिशेने धावतात ते टिपा. गोव्यातल्या जुन्या खडकांचा सर्वसाधारण कल वायव्य–आग्नेय आहे. एका जागची नोंद वेगळी आली तर घाबरू नका, हे खडक एकापेक्षा जास्त वेळा दुमडलेले आहेत. पाच-सहा ठिकाणी मोजा आणि मग बघा.

पांढऱ्या शिरांवर सुरी चालवून बघा. सुरीचा ओरखडा न उठता उलट दगडावर पोलादाची करडी रेघ उमटली तर तो क्वार्ट्‌झ, कठीणपणा 7. सुरी साधारण 5.5 च्या आसपास असते, नख 2.5.

पाचवी पायरी: नाव देण्यासाठी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: पापुद्रे किंवा पट्टे आहेत का?

असतील तर दुसरा प्रश्न: कण किती मोठे? चिखलाच्या दगडापासून सुरुवात करून दाब-उष्णता वाढत गेली की एकापाठोपाठ एक चार खडक बनतात. पाटीचा दगड अगदी बारीक कणांचा असतो, सरळ पातळ पत्र्यांत फुटतो आणि हळूच वाजवला तर खणखणतो. फायलाइटमध्येही कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण उन्हात तिरपा धरला की रेशमासारखी झाक मारतो, पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या असतात. शिस्टमध्ये अभ्रकाचे कण स्पष्ट चमकतात, नखाने पापुद्रे सुटतात. नाइसमध्ये पापुद्र्यांऐवजी फिके आणि गडद पट्टे दिसतात, आणि तो पत्र्यांत फुटत नाही. हद्दी काटेकोर नाहीत. फायलाइट आणि शिस्ट यांच्या मधला दगड हातात आला तर ‘फायलाइटी शिस्ट’ असे सरळ लिहा, भूशास्त्रज्ञही तेच करतात.

पापुद्रे नसतील तर खनिज कोणते ते शोधा. सुरीने ओरखडा उठत नसेल, फुटलेला भाग साखरेसारखा चमकत असेल तर क्वार्ट्‌झाइट. वालुकाश्म आणि क्वार्ट्‌झाइट यांतला फरक फुटीत आहे: वालुकाश्म कणांच्या कडेने फुटतो आणि हाताला खरखरीत लागतो, क्वार्ट्‌झाइट कणांच्या आरपार फुटतो. सुरीने सहज ओरखडा उठला आणि त्या भुकटीवर लिंबू पिळल्यावर बारीक बुडबुडे आले तर संगमरवर. नखानेच ओरखडा उठला आणि बोटाला साबणासारखे गुळगुळीत लागले तर शंखजिऱ्याचा दगड. टाल्क हे त्यातले खनिज, कठीणपणा 1.

एक सावधगिरी. लिंबाने बुडबुडे येणे म्हणजे संगमरवरच, असे नाही. साध्या चुनखडीलाही येतात. फरक कणांत आहे. संगमरवराचे स्फटिक चमकतात, चुनखडी निस्तेज असते आणि तिच्यात कधी शिंपल्यांचे अवशेषही सापडतात.

सहावी पायरी: आधी काय होता, आणि किती तापला

नाव सापडले की आणखी दोन गोष्टी वहीत लिहायच्या. पहिली, मूळ खडक. वालुकाश्मापासून क्वार्ट्‌झाइट, चुनखडीपासून संगमरवर, बेसाल्टपासून आधी हिरवा शिस्ट आणि जास्त तापल्यावर काळपट अँफिबोलाइट, ग्रॅनाइटपासून नाइस. नाइस मात्र चिखलाच्या दगडापासूनही बनतो, म्हणून नुसत्या नावावरून मूळ सांगता येत नाही.

दुसरी, तापाची पातळी. ती खनिजांवरून कळते. 1893 मध्ये भूशास्त्रज्ञ जॉर्ज बॅरो यांनी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पाहिले की चिखलापासून बनलेल्या खडकांत एका बाजूने चालत गेले तर खनिजे ठरावीक क्रमाने येतात: क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. क्लोराइट सगळ्यात कमी तापाचे, सिलिमनाइट सगळ्यात जास्त. पुढे फिनलंडचे पेंटी एस्कोला यांनी खनिजांच्या समुच्चयावरून रूपांतराच्या पातळ्या मांडल्या. गोवा समूहाचे खडक मुख्यतः ‘ग्रीनशिस्ट’ पातळीचे आहेत, म्हणजे साधारण 300 ते 500 अंश. दोना पावल्याला दिसलेला हिरवा क्लोराइट या पातळीचा साक्षीदार. कायनाइट-सिलिमनाइट बघायचे असेल तर भंडाऱ्याकडे जावे लागेल, तिथे त्यांच्या खाणी आहेत.

सातवी पायरी: डिचोलीचे लोखंड

गोव्याच्या अर्थकारणाला ज्या खडकाने वळण दिले तो रूपांतरित आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी लोह आणि सिलिका यांचे पातळ थर आळीपाळीने साचले. रूपांतर होऊन सिलिकेचे क्वार्ट्‌झ झाले, लोहाचे मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट. हाच पट्टेदार लोहखडक. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतून गेलेल्या खाणपट्ट्याचा तो आधार. मूळ पट्टेदार खडकात लोह कमीच असते. पुढे लक्षावधी वर्षांच्या पावसाने सिलिका धुऊन नेली, लोह उरले आणि खणण्याजोगे खनिज तयार झाले. ज्या पाण्याने वर जांभा केला त्यानेच खाली खनिज समृद्ध केले. तेच खडक सीमेपलीकडे सिंधुदुर्गात जातात, रेडीचे लोहखनिज त्यातलेच.

पट्टेदार दगडाचा तुकडा मिळाला तर दोन चाचण्या करा. चुंबक चिकटले तर मॅग्नेटाइट आहे. मग फरशीच्या मागच्या बाजूवर गडद पट्टा घासा. तांबडी रेघ उठली तर हेमॅटाइट, काळी उठली तर मॅग्नेटाइट. एकाच तुकड्यात दोन्ही मिळणे नेहमीचे. खनिजासोबत खाणीच्या कापणीत गुलाबी, पांढऱ्या, जांभळट मऊ मातीचे जाड पट्टे दिसतात. ती कुजलेली फायलाइट. हातात भुगा होतो, पण पापुद्र्यांच्या रेघा बऱ्याचदा शाबूत असतात.

खाणीत शिरू नका. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हापासून कित्येक खड्डे पाण्याने भरून राहिले होते. त्यांच्या कडा ढासळतात. रस्त्याकडेला पडलेले तुकडे शिकायला भरपूर आहेत.

आठवी पायरी: अनमोड घाट

किनारा झाला की पूर्वेकडे जा. मोलेहून राष्ट्रीय महामार्ग 748 अनमोड घाटातून बेळगावकडे चढतो. या घाटातला ट्रॉंडजेमाइट नाइस (ग्रॅनाइटसारख्या फिक्या खडकापासून बनलेला नाइस) हा गोव्यातला सर्वांत जुना खडक मानला जातो, वय सुमारे 340 कोटी वर्षे. पृथ्वीचे वय 454 कोटी धरले तर तिच्या आयुष्यातली तीन-चतुर्थांश वर्षे या खडकाने पाहिली आहेत.

फिके क्वार्ट्‌झ-फेल्स्पारचे पट्टे आणि मध्ये बायोटाइट (काळे अभ्रक) किंवा हॉर्नब्लेंड या गडद खनिजांच्या काळ्या ओळी शोधा. चंद्रनाथच्या ग्रॅनाइटमध्ये जी रांग नव्हती ती इथे आहे. घाटात वळणावर गाडी थांबवू नका, ट्रक वेगात उतरतात. रुंद, सुरक्षित जागा बघूनच उतरा, आणि पावसाळ्यात दरडींमुळे हा बेत करूच नका. दक्षिणेला काणकोण भागातही ग्रॅनाइट आणि ग्रॅनाइटी नाइस दिसतात, तो पर्याय जास्त निवांत आहे.

नववी पायरी: घरातले आणि जुन्या गोव्यातले दगड

उपयोग शिकायचे तर आधी स्वतःच्या घरात फिरा. शहाबादी, कोटा, कडप्पा या फरश्या चुनखडीच्या, म्हणजे गाळाच्या खडकाच्या. त्यांना संगमरवराचे भाऊ म्हणता येईल, पण त्यांचे रूपांतर झालेले नाही. देवघरातला पांढरा मकराना संगमरवर मात्र खरा रूपांतरित, ताजमहालात वापरला तोच. दुकानात ‘हिरवा मार्बल’ म्हणून मिळणारा राजस्थानी दगड बहुधा सर्पेंटिनाइट हा वेगळाच रूपांतरित खडक असतो. लिंबाला तो संगमरवरासारखे बुडबुडे देत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा ‘ग्रॅनाइट’ लाटांसारख्या वळणदार पट्ट्यांचा असेल तर तो भूशास्त्रात नाइस ठरतो. व्यापारात सगळ्यालाच ग्रॅनाइट म्हणतात, आणि ओटा म्हणून त्याने काही बिघडत नाही. पॉलिश केलेल्या फरशीवर लिंबू पिळून प्रयोग करू नका, डाग कायमचा राहतो.

पूर्वीची शाळेची पाटी हा पाटीचाच दगड होता. पातळ, सपाट पत्र्यांत फुटण्याचा गुण तिथे उपयोगी पडला. बिलियर्डच्या टेबलाखालीही तोच दगड घालतात, कारण तो वाकत नाही. टाल्कपासून पावडर आणि कागदाचे भरण, ग्राफाइटपासून पेन्सिल, गार्नेटपासून घासकागद, कायनाइट-सिलिमनाइटपासून भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटा. बेलूर-हळेबीडची होयसळ मंदिरे इतकी बारीक कोरता आली ती मऊ क्लोराइट शिस्टमुळे. कोणार्कचे सूर्यमंदिर खोंडालाइट या रूपांतरित खडकाचे आहे. रस्त्यासाठी आणि रेल्वेसाठी खडी करायला नाइस, क्वार्ट्‌झाइट हे खडक चांगले. शिस्ट मात्र टाळावा, पापुद्र्यांवर तो सहज फुटतो. पायासाठी खोदताना पापुद्रे उताराच्या दिशेने झुकलेले आढळले तर अभियंत्याला आधी दाखवा. तसा उतार घसरण्याचा धोका मोठा असतो.

उपयोग एकाच इमारतीत बघायचा तर जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेत जा. बाहेरच्या भिंती उघड्या जांभ्याच्या. दर्शनी भागात वसईहून आणलेला काळा बेसाल्ट. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीखालची समाधी संगमरवराची आणि जास्पर या रंगीत, कठीण दगडाची. ती टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने भेट दिली, फ्लोरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बातिस्ता फोज्जिनी याने घडवली आणि 1698 मध्ये ती इथे उभी राहिली. हवामानाने झालेला जांभा, लाव्हापासूनचा बेसाल्ट आणि दाब-उष्णतेने पालटलेला संगमरवर, तिन्ही पन्नास पावलांच्या आत. तिथे फक्त डोळ्यांनी बघायचे. सुरी, चुंबक, लिंबू पिशवीतच ठेवा.

दहावी पायरी: नोंद आणि पडताळणी

प्रत्येक दगडासाठी वहीत अर्धे पान द्या: जागा, तारीख, रंग ओला आणि सुका, पापुद्रे आहेत-नाहीत व त्यांची दिशा, कणांचा आकार, सुरी-नख-चुंबक-लिंबू यांचे निकाल, मूळ खडकाचा अंदाज, आणि सगळ्यात शेवटी नाव. फोटोत मोजमापासाठी नाणे किंवा पेन्सिल ठेवा. अंदाज चुकीचा ठरला तर खोडू नका, शेजारी दुरुस्ती लिहा. कोणती खूण पाहायची राहिली ते त्यातून कळते.

काही दगड हातात धरून कधीच सुटत नाहीत. बारीक कणांचा हिरवा दगड पालटलेल्या लाव्हाचा की पालटलेल्या गाळाचा, हे भिंगाने ठरवणे फार अवघड. त्यासाठी दगडाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप काढतात. एवढ्या पातळ कापातून प्रकाश आरपार जातो, आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक खनिज आपल्या ठरावीक रंगात दिसते. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात, पणजीच्या धेंपे महाविद्यालयात आणि मडगावच्या चौगुले महाविद्यालयात भूशास्त्र शिकवले जाते. तुमची वही, फोटो आणि सैल पडलेला एखादा तुकडा घेऊन आधी वेळ ठरवून तिथल्या शिक्षकांना भेटा. नुसता दगड पुढे करून ‘हा कोणता?’ असे विचारू नका. ‘मी हे हे पाहिले, म्हणून मला हा मेटाबेसाल्ट वाटतो, बरोबर आहे का?’ असे विचारा, म्हणजे तुमचे निरीक्षण कुठे कमी पडले तेही ते दाखवू शकतील.